पेरींचं लाकडी घर

ब्रिस्बेनच्या बोवेन हिल्स स्टेशनवर उतरून जॉर्डन टेरेसकडे निघालं, की मिगन्या हे एकमजली लाकडी घर लागतं. १८८५-८६च्या सुमाराला ते हर्बर्ट पेरी या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्यानं आपल्या कुटुंबासाठी बांधलं. मालकाचा धंदा व्हरांड्यावरच दिसतो : ओतीव लोखंडाची नक्षीदार जाळी घराच्या अंगावर दागिन्यांसारखी मिरवते. शोभा आहेच, पण क्वीन्सलँडच्या लाकडी घराचं मोल त्याच्या बांधणीत जास्त आहे. इथल्या कित्येक घरांत लाकडी सांगाड्यावर फळ्यांचा एकच थर असतो. भिंत दिवसभर तापते आणि रात्री लगेच निवते. रुंद पडवी ऊन आणि पाऊस दोन्ही दूर ठेवते. घर खुंटांवर उचललेलं असतं, खुंटांच्या माथ्यावर धातूच्या टोप्या. टोपी वाळवीला मारत नाही. तिला उघड्यावरून वळसा घ्यायला लावते, म्हणजे ती वेळीच नजरेस पडते. शिवाय १८८५च्या कायद्यानं घराचा भूखंड किमान सोळा पर्च, म्हणजे साधारण ४०५ चौरस मीटर ठरवला. भिंतीला भिंत लावून घरांच्या रांगा उभ्या करणं त्यामुळे परवडेना, आणि भोवती वारा खेळणारं सुटं घर हीच शहराची रीत झाली.

यावर रोकडा आक्षेप असा, की फळ्या कुजतात, पत्रे गंजतात, दोन्ही बदलावे लागतात. मग जुनं म्हणून उरतं काय? ही कसोटी दगडी देवळांवरून आणलेली आहे. लाकडी घर मुळातच तुकड्यातुकड्यानं दुरुस्त करता यावं असं जोडलेलं असतं. कुजलेली फळी काढून तशीच दुसरी ठोकली, तर ती बांधणीची रीत पुढे चालू राहते. पडवी काचा लावून बंद केली, तर सगळं लाकूड मूळचं असूनही घर बिघडतं. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे : हे सधन कुटुंबाचं घर, ते शहराचा वारसा कसं? आणि जमीन तर त्याआधी तुरबल लोकांची होती. क्वीन्सलँड विमेन्स हिस्टॉरिकल असोसिएशननं १९६७ साली हे घर विकत घेऊन वाचवलं, राज्यात वारसा कायदा यायच्या कितीतरी आधी, आणि पहिल्या वसाहतकरी स्त्रियांचं स्मारक म्हणून जपलं. त्या स्मरणात तुरबल स्त्रियांना जागा नसेल तर ते अपुरंच म्हणायला हवं; पण त्यासाठी घर पाडून काय साधणार? सधनतेच्या आक्षेपाला खरं उत्तर टेकडीखालच्या गल्ल्यांत आहे. कामगारांच्या लहान घरांतही तेच खुंट, तोच पत्रा, तीच पडवी, फक्त आखूड. ब्रिस्बेनच्या नियमांनी ठरावीक वस्त्यांतली १९४६पर्यंतची घरं सहजासहजी पाडता येत नाहीत, आणि त्या नियमाला मालक कोण होता याच्याशी देणंघेणं नाही.