विमान रद्द झालं तर नगरला या



पुण्या-मुंबईची माणसं नगर म्हणजे शिर्डीला जाताना लागणारं गाव समजतात. नाव अहिल्यानगर झालं तरी त्यांच्यासाठी ते चहाला थांबायचंच ठिकाण. पण नकाशा उघडून बघा. पुण्याचा लोहगाव विमानतळ शहराच्या नगर रस्त्याच्या बाजूला आहे, म्हणजे आमच्याकडे यायला पुणं ओलांडावं लागत नाही. छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ दुसऱ्या दिशेला, साधारण तितक्याच अंतरावर. शिर्डीचा विमानतळ काकडीला, तो आणखी जवळ. आणि दौंड-मनमाड मार्गावरचं आमचं स्टेशन आहेच, दिल्लीकडे जाणारी कर्नाटक एक्सप्रेस तिथे थांबते. एक वाट बंद झाली तर बाकीच्या बघत बसायला सावेडीसारखी शांत जागा नाही.

गेल्या डिसेंबरात हे खरंच उपयोगी पडलं. 1 नोव्हेंबर 2025 पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाले, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशभर विमानं धडाधड रद्द झाली. 5 तारखेला तर एका दिवसात हजारावर. त्या दिवशी माझ्या नणंदेच्या सासूबाई, आम्ही त्यांना काकीजी म्हणतो, मुलासोबत सोलापूरहून येऊन लोहगावला अडकल्या होत्या. दिल्लीला लेकीकडे निघाल्या होत्या.

काकीजींचं वर्षीतप चालू होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी बियासणं, असं अक्षय तृतीयेपर्यंत. आदल्या दिवशी उपवास झालेला. दुपारी दिल्लीत पोचून लेकीच्या घरी बसून जेवायचं ठरलं होतं. विमान आधी तासाने, मग दोन तासांनी, आणि बाराच्या सुमारास रद्दच. सूर्य सहाच्या आत मावळतो. तोपर्यंत नीट पोटात गेलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उपवास. वय अडुसष्ट. पिशवीत खाकरे होते, पण कोरड्या खाकऱ्यावर पुढचा उपवास कसा निघायचा? विमानतळावर खायला भरपूर मिळतं, पण कांदा-बटाटा टाळून, उकळलेल्या पाण्यासह, एका जागी निवांत बसून, असं नाही मिळत. पुण्यातल्या भाच्याच्या घराला कुलूप, सगळे लग्नाला गेलेले.

मुलाने फोन केला तेव्हा तो हॉटेल शोधत होता. मी म्हटलं, "भाऊ, हॉटेल राहू द्या. सामान परत ताब्यात घ्या आणि टॅक्सी करा. मी पाणी उकळायला ठेवते."

वाघोली ते शिक्रापूर नेहमीसारखी कोंडी लागली. शिरूर ओलांडल्यावर फोन आला तेव्हा कुठे माझा जीव खाली आला. साडेचारला दारात. मुगाची डाळ, फुलके, कढी, सुंठ घातलेलं दूध. काकीजी जेवल्या, पाणी प्यायल्या, पच्चक्खाण घेतलं आणि मगच प्रवासाची हकीकत सांगायला लागल्या. त्यांचा मुलगा मात्र ताटावर बसूनही मोबाईलच चाळत होता.

त्याला एक गोष्ट समजावून सांगावी लागली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. विमान रद्द झालं की पर्यायी विमान घ्यायचं की पूर्ण पैसे परत, हे प्रवाशाने ठरवायचं असतं. सहा तासांहून जास्त उशीर असेल तरीही तसंच. घाबरून लगेच बटण दाबू नये. आणि चढ्या भावाने दुसरं तिकीटही घेऊ नये. दुसऱ्याच दिवशी सरकारने भाड्यावर मर्यादा घातली, 1000 ते 1500 किलोमीटरला 15,000 रुपये. त्याने रात्रभर थांबून मग दुसऱ्या कंपनीचं रविवारचं तिकीट काढलं.

आपल्या साधू-साध्वींचा विहार बघितला की मला वाटतं, मुक्काम ही काही प्रवासातली अडचण नसते. चालणाऱ्याला किती चाललो यापेक्षा निर्दोष गोचरी आणि पाणी कुठे मिळेल हे आधी बघावं लागतं. आपण विमानाने जाणारे ते विसरतो, कारण सगळं वेळेवर मिळेल असं धरून चालतो. म्हणून घरात कोणाचं तप चालू असेल तर तिकिटाबरोबर मधल्या गावातला एक नंबर लिहून ठेवा, स्थानकाचा किंवा ओळखीच्या घराचा. उकळलेलं पाणी हिवाळ्यात चार प्रहर चालतं, पण पावसाळ्यात तीनच, हेही हिशेबात धरा.

शनिवारी काकीजींचा उपवास. इतका सोपा पाहुणा मी पाहिला नाही. त्यांना हवं होतं फक्त गरम पाणी आणि सामायिकासाठी एक कोपरा. दुपारी मुलगा त्यांना आनंदधामला घेऊन गेला. आचार्य आनंदऋषीजी महाराज जिल्ह्यातल्याच चिचोंडीचे, 1992 साली नगरलाच त्यांचा देह पडला. काकीजींनी त्यांचं लहानपणी दर्शन घेतलं होतं, आणि इतक्या वर्षांत नगरला यायचं राहूनच गेलं होतं म्हणे. रविवारी नवकारसी झाल्यावर पहिली बैठक माझ्याकडे, दुसरी दिल्लीत लेकीकडे. पाचच्या आधी लेकीचा मेसेज आला, "आई जेवली."