मातीचा गड

किल्ला म्हटला की आम्हां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे काळा पाषाण उभा राहतो. लंडनच्या वायव्येस असलेल्या बर्कहॅमस्टेड येथे मात्र आम्ही पाहिला तो गड मुळात मातीचा.

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. पराभूत जनतेला धाकात ठेवण्यासाठी त्याच्या सरदारांनी ठिकठिकाणी खंदक खणले, निघालेल्या मातीचे उंच टेकाड रचले आणि त्याच्या माथ्यावर लाकडी बुरूज चढविला. बर्कहॅमस्टेडचे टेकाड सुमारे १२ मीटर उंच आहे. दगडी भिंती पुढे आल्या. आज त्यांचे भग्नावशेष उरले आहेत.

संत थॉमस बेकेट राजाचे चान्सलर असताना, ११५५ मध्ये, हा गड त्यांच्या ताब्यात आला. ११६२ मध्ये ते कँटरबरीचे आर्चबिशप झाले. पुढे राजाशी बेबनाव झाला आणि गड त्यांच्या हातून गेला. २९ डिसेंबर ११७० रोजी आपल्याच कथीड्रलमध्ये ते रक्तसाक्षी झाले. गड गमावलेल्या या माणसाचे स्मरण जग अजून करते.

मग जुलमाची ही खूण जपावी कशाला? किल्ले बांधून गोरगरिबांना छळल्याची नोंद तत्कालीन इंग्रज इतिवृत्तात आहे. माती उपसणाऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्या घामाची साक्ष या टेकाडाखेरीज दुसरी कोणती?

ही साक्ष नाजूक आहे. ढासळलेला चिरा पुन्हा बसविता येतो. मातीचे थर एकदा उलटले की त्यांतला इतिहास कायमचा पुसला जातो. १८३० च्या दशकात लंडन-बर्मिंगहॅम लोहमार्ग आखताना पार्लमेंटच्या कायद्याने या किल्ल्याला संरक्षण दिले, तरीही बाहेरच्या तटबंदीचा काही भाग रुळांच्या भरावाखाली गेलाच. त्याच रुळांवरून आम्ही तेथे पोहोचलो होतो! आज १९७९ च्या कायद्यानुसार परवानगीवाचून येथे खोदकाम करता येत नाही. परंतु पावलांनी गवत झिजले की पाऊस माती वाहून नेतो. तेथे कायदा काय करणार? म्हणून कडेने चढण्याचा मोह आवरून आम्ही पायवाटच धरली.

विजेत्यांची स्मारके दगडाची असतात आणि ती सहज ओळखू येतात. राबणाऱ्यांची बहुधा मातीचीच असतात. ती ओळखावी लागतात, आणि ओळखल्यावर तुडविली जाणार नाहीत एवढे तरी आपण पाहावे.