माजघराची भिंत

आमचे घर श्रीवर्धनजवळच्या एका गावात आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौले. माजघराला एकच खिडकी. त्यामुळे तिथे दिवसाही अंधार असे. म्हणून अम्मीने खिडकीच्या बरोबर समोर एक मोठा आरसा टांगला होता. आजोबांनी तो मुंबईहून बोटीने आणलेला. खिडकीतला उजेड आरशावर पडून परते आणि माजघर उजळून निघे. आग्र्याच्या किल्ल्यात शाहजहान बादशहाने शीशमहाल बांधला. त्याच्या भिंतींत आरशाचे बारीक तुकडे बसवलेले आहेत. एका दिव्याचे तिथे अनेक दिवे होतात. "हा आपला शीशमहाल!" असे अब्बा हसून म्हणत.

आरशाशेजारी अब्बांच्या हातचा तुगरा होता. बोरूच्या कलमाने, काळ्या शाईत त्यांनी 'बिस्मिल्लाह' लिहिले होते. अब्बा गेल्यावर अम्मी रोज ती चौकट पदराने पुसत असे.

३ जून २०२० रोजी आमच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आले. त्या सकाळी मी टीव्ही, शिलाई मशीन आणि कागदपत्रे प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली. भिंतीकडे माझे लक्षच गेले नाही. आम्ही शेजारच्या स्लॅबच्या घरात जाऊन बसलो. दुपारी कौले उडाली. वाडीतल्या पोफळी धडाधड मोडून पडल्या.

संध्याकाळी परत आलो. आरसा खाली पडून त्याचा एक कोपरा फुटला होता. तुगरा भिंतीवरच होता. पण चौकटीत पाणी शिरून शाई ओघळली होती. अक्षरांच्या जागी नुसता काळा डाग उरला होता. अम्मी बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "बेटी, टीव्ही दुकानात पुन्हा मिळाला असता."

मी काय उत्तर देणार?

घर सावरायला कित्येक महिने लागले. मामूंनी कुवेतहून सोनेरी चौकटीची तसबीर पाठवली. अम्मीने ती ओटीवर लावली, तुगऱ्याची जागा मात्र रिकामी ठेवली. एके दिवशी माझा भाचा कलम घेऊन बसला. कलम धरायला त्याला अब्बांनीच शिकवले होते. त्याने 'बिस्मिल्लाह' लिहिले. ओळ जरा वाकडी गेली; पण लांब ओढलेला 'सीन' अगदी अब्बांसारखा होता. अम्मीने तो कागद त्याच जागी लावला. शेजारी आरसाही आला, फुटका कोपरा कापून थोडा लहान झालेला.

मुलांनो, उर्दूतली 'आरसी' आणि मराठीतला 'आरसा' ही भावंडे आहेत. दोन्ही शब्द संस्कृत 'आदर्श' या शब्दापासून आले. आदर्श म्हणजे आरसा, आणि ज्याच्याकडे पाहून आपण शिकतो तोही आदर्शच.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाची सूचना आली. या वेळी मी सर्वांत आधी तुगरा उतरवला आणि कोरड्या कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवला. टीव्हीची आठवण मला नंतर झाली.