नकार आधी वाचावा लागतो

२६ सप्टेंबर २०२४ रोजी 'परम रुद्र' मालिकेतील तीन महासंगणकांचे लोकार्पण झाले. एक पुण्याच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीसाठी, दुसरा दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात, तिसरा कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस केंद्रात. सुमारे १३० कोटी रुपयांचा हा प्रकल्प. साहजिकच बातम्यांत किंमत, वेग आणि स्वदेशी बांधणी यांची चर्चा झाली. या यंत्रांपाशी पोचण्याची वाट मात्र बातमीत येत नाही. दूरच्या शहरातला संशोधक काळ्या पडद्यावर एक ओळ टंकतो, आपली डिजिटल किल्ली दाखवतो, आणि यंत्र त्याला आत घेते किंवा घेत नाही. घेतले नाही तर काय होते, याची ही गोष्ट. ती महासंगणकावरची नाही. त्याच वर्षीच्या पावसाळ्यातील एका साध्या सर्व्हरवरची आहे.

पूर्व भारतातील एका संस्थेत अणुकेंद्रीय भौतिकीचा लहानसा गट आहे. त्याचा सर्व्हर 'सेंटओएस ७' या लिनक्स प्रणालीवर चालत असे. ३० जून २०२४ रोजी तिचा पाठिंबा संपला; भौतिकीच्या प्रयोगशाळांसाठी फर्मीलॅबने जोपासलेल्या 'सायंटिफिक लिनक्स ७' ची मुदतही त्याच दिवशी संपली. नवी प्रणाली बसवणे भाग होते. गटात संगणक सांभाळण्यासाठी वेगळा माणूस नाही, म्हणून ते काम तिशीतल्या एका संशोधिकेकडे आले. शनिवार-रविवार बसून तिने प्रणाली बदलली आणि सर्वांची होम-फोल्डरे एका नव्या, मोठ्या डिस्कवर 'डेटा' या फोल्डराखाली हलवली. पासवर्डने बाहेरून आत येण्याची सोय तिने आधीच बंद केली होती. आत यायचे ते फक्त किल्लीने.

गटातला एक विद्यार्थी त्या आठवड्यात दिल्लीला त्वरकावर होता. तिथला किरणकाळ अर्ज करून, बऱ्याच प्रतीक्षेनंतर मिळतो. दिवसभराचे मोजमाप रात्री सर्व्हरवर पाठवायचे, त्याचे विश्लेषण पाहायचे आणि त्यावरून दुसऱ्या दिवशीची मांडणी ठरवायची, असा क्रम होता. सोमवारी रात्री नऊच्या सुमारास त्याचा फोन आला.

"मॅडम, सर्व्हर आत घेत नाहीये. परवानगी नाकारली, एवढंच म्हणतो. किल्ली तीच आहे, परवापर्यंत चालत होती."

"तू काही बदलू नकोस. मी बघते," ती म्हणाली.

तिने फाइलींचे अधिकार तपासले. मालक बरोबर होता. किल्लीची फाइल फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, म्हणजे ६००, फोल्डर ७००. सगळे नियमाप्रमाणे, तरी नकार. तेव्हा घाईत तिने सगळे करतात तेच केले: विद्यार्थ्याचे फोल्डर ७७७ करून सर्वांना मोकळे केले. नकार तसाच राहिला. एका ज्येष्ठ सहकाऱ्याला फोन केला. ते म्हणाले, "अगं, एसई-लिनक्स असेल. बंद कर ते. नंतर बघू."

लिनक्समध्ये परवानगीचे दोन थर असतात. पहिला थर मालकाच्या मर्जीचा: ज्याची फाइल, तो ठरवील ती कोणी वाचावी. दुसरा थर अनिवार्य नियंत्रणाचा. घरमालकाने पाहुण्याला किल्ली दिली, तरी सोसायटीच्या फाटकावरचा पहारेकरी आपली वही उघडतो आणि वहीत नसेल तर पाहुण्याला थांबवतो. इथे तर मालकालाही ती वही बदलता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने घडवलेले एसई-लिनक्स डिसेंबर २००० मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि २००३ मध्ये लिनक्सच्या मूळ गाभ्यात आले. वाचकाच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल, तर हाच पहारेकरी त्यातही उभा आहे. तो माणसाचे नाव पाहत नाही. प्रत्येक प्रक्रियेवर आणि प्रत्येक फाइलवर चिकटवलेले लेबल पाहतो, आणि या लेबलाच्या प्रक्रियेने त्या लेबलाच्या वस्तूला हात लावावा की नाही, एवढेच ठरवतो.

सहकाऱ्याचा सल्ला तिला नवा नव्हता. जुन्या सर्व्हरवर २०१८ साली अशाच एका रात्री तिनेच हा पहारेकरी 'फक्त एका दिवसासाठी' नुसता बघ्या करून ठेवला होता: तो नोंद करी, अडवत नसे. तो एक दिवस सर्व्हर निवृत्त होईपर्यंत संपला नाही. नंतर मे २०२० मध्ये युरोपातील अनेक महासंगणक केंद्रांत चोरलेल्या लॉगिन-ओळखी वापरून घुसखोरी झाली, एडिंबरोचा 'आर्चर' बंद ठेवावा लागला. ती बातमी तिने काळजीपूर्वक वाचली होती आणि आपला सर्व्हर तसाच ठेवला होता.

या वेळी तिने पहारेकऱ्याला एका मिनिटापुरतेच बाजूला केले, केवळ निदानासाठी. विद्यार्थ्याला पुन्हा प्रयत्न करायला सांगितले. तरीही नकार! म्हणजे एसई-लिनक्सचा यात हात नाही, असा निष्कर्ष जवळजवळ पक्का झाला. साडेदहा वाजले होते.

मग तिने जे दीड तासापूर्वी करायला हवे होते ते केले: लॉगिन सेवेचा लॉग उघडला. त्यात स्वच्छ लिहिले होते की फोल्डरचे अधिकार अयोग्य असल्यामुळे ओळख नाकारली आहे. ज्या फोल्डरात कोणीही लिहू शकतो, त्यातल्या किल्लीवर लॉगिन सेवा विश्वास ठेवत नाही. कोणीही तिथे स्वतःची किल्ली आणून ठेवील. म्हणजे हा नकार नवा होता आणि तिच्या ७७७ ने जन्माला घातला होता. पहिला बिघाड शोधताना तिने दुसरा तयार केला आणि त्याच्या आड पहिला लपला. प्रयोगशाळेत एका वेळी दोन बटणे फिरवणाऱ्या विद्यार्थ्याला ती कधी सोडत नसे.

तिने अधिकार पुन्हा ७०० केले. पहारेकरी बाजूला असताना प्रवेश मिळाला, जागेवर आणताच नाकारला गेला. आता निदान खरे झाले. सुरक्षेच्या लॉगमध्ये नकाराची ओळ होती आणि तिच्यात सर्व काही होते: कोणी मागितले, तर लॉगिन सेवेने; काय मागितले, तर वाचन; कशाचे, तर किल्लीच्या फाइलीचे; आणि त्या फाइलीवरचे लेबल कोणते, तर 'डिफॉल्ट'. हे लेबल म्हणजे अशी वस्तू, जिच्याविषयी धोरणात काहीच सांगितलेले नाही. नेहमीच्या जागी असलेल्या होम-फोल्डरांना आणि त्यांतल्या किल्ल्यांना प्रणाली आपापली लेबले देते. नव्या डिस्कवरची ही घरे आहेत, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. पहारेकऱ्याचे काही चुकले नव्हते. फाइली हलवणाऱ्याने घराला घर म्हणायचे राहून गेले होते.

इथेही एक आडवाट होती. नकाराची ओळ घेऊन तिच्यावरून परवानगीचा नियम आपोआप बनवून देणारे साधन प्रणालीतच असते. पण तो नियम लॉगिन सेवेला 'डिफॉल्ट' लेबलाची प्रत्येक फाइल वाचू देणारा झाला असता. एका किल्लीसाठी साऱ्या बेवारस सामानाची मुभा. तिने ती वाट सोडली. एका आज्ञेने तिने धोरणात नोंदवले की नव्या डिस्कवरील होम हे मूळ होमसारखेच मानावे. दुसऱ्या आज्ञेने सर्व फाइलींना लेबले पुन्हा लावली. फाइली लाखांच्या घरात असल्याने त्याला काही मिनिटे लागली. एकेका फाइलीचे लेबल हाताने बदलणेही शक्य होते, पण धोरणात नोंद नसल्याने पुढच्या पुनर्लेबलनात ते पुसले गेले असते.

साडेअकराच्या सुमारास विद्यार्थी आत आला. पहारेकरी जागेवरच होता.

पदार्थविज्ञानाच्या अभ्यासक्रमात चुकीचे वाटणारे मोजमाप फेकून देऊ नये, असे शिकवतात. उपकरण नको ते दाखवत असेल तर ते बंद करू नये, आधी ते काय दाखवते आहे ते पाहावे. टर्मिनलसमोर बसल्यावर हाच माणूस नकाराला अडथळा समजतो आणि तो हटवण्याची आज्ञा शोधतो. देशात महासंगणक वाढत आहेत आणि तसे ते वाढायलाच हवेत. त्यांच्या दाराशी रात्री बसणारी माणसे मात्र बहुतेकदा भौतिकी, रसायन किंवा जीवशास्त्र शिकलेली असतात, आणि हे काम त्यांच्या प्रबंधात वा बढतीच्या अर्जात कुठेच मोजले जात नाही. म्हणून 'बंद कर, नंतर बघू' हे वाक्य प्रयोगशाळांतून पिढीजात चालत येते.

झोपण्यापूर्वी तिने गटाच्या वहीत काय बदलले आणि का, हे लिहून ठेवले. त्यात स्वतःच्या ७७७ चीही नोंद केली.

सकाळी विद्यार्थ्याचा निरोप आला: विश्लेषण झाले, मांडणी ठरली, आणि रात्री कोणती आज्ञा दिली ते कळवाल का? तिने आज्ञा कळवली नाही. लॉगमधली नकाराची ती ओळ तशीच पाठवली आणि खाली लिहिले, "आधी ही वाच. कोणी, काय, कशाचं मागितलं ते मला सांग. मग आज्ञा सांगते."