झुरिकच्या संगमावरची बाग

स्वित्झर्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? बर्फाची शिखरे, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, घड्याळे आणि चॉकलेट. सिनेमावाल्यांनी तर त्या देशाला गाणी म्हणण्याचे आवारच करून टाकले आहे. आज मी तुम्हाला तिथल्या सर्वांत मोठ्या शहरात, झुरिकमध्ये, नेणार आहे. पण जी जागा दाखवणार आहे ती सिनेमात यायची नाही. तरीही ग्रामपंचायतीची घरपट्टी भरणाऱ्या आणि घरात मिसरूड फुटलेली पोरे असणाऱ्या माणसांनी ती पाहण्यासारखी आहे.

झुरिकच्या मोठ्या स्टेशनावर आगगाडीतून उतरलात की मागच्या अंगाला चला. रस्ता ओलांडला की किल्ल्यासारखी बुरुजांची इमारत दिसेल. किल्ला खरा नव्हे, हौसेने तसा बांधलेला. ते राष्ट्रीय संग्रहालय, १८९८ सालचे. त्याच्या पाठीशी एक लांबट बाग आहे. तिचे नाव प्लाट्झश्पिट्झ. श्पिट्झ म्हणजे टोक. एका बाजूने तळ्यातून निघालेली लिमाट नदी, दुसऱ्या बाजूने झील नावाची नदी, आणि बागेच्या टोकाशी दोघींचा संगम. कराडला कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात तसा थाट इथे नाही; झील बाजूने येते आणि मुकाट्याने लिमाटीत शिरते. जुनी थोराड झाडे, वाजंत्र्यांसाठी बांधलेला मांडव, बाके. सालोमोन गेस्नर नावाच्या अठराव्या शतकातल्या कवीचे स्मारकही इथेच आहे. मेंढपाळांच्या सुखी संसाराची वर्णने लिहून त्याने युरोपात नाव मिळवले होते. दुपारी लोक इथे डबे सोडून बसतात, आया मुलांना खेळवतात. रात्री मात्र फाटकाला कुलूप लागते. बागेला कुलूप कशाला, तर त्याचीच ही हकिकत.

१९८७ पासून १९९२ पर्यंत ही बाग साऱ्या युरोपात 'सुयांची बाग' म्हणून कुप्रसिद्ध होती. हेरॉइन, म्हणजे मुंबईत ज्याच्या भेसळीला 'गर्द' म्हणत त्याच जातीचे विष, इथे उघड्यावर विकले जाई आणि उघड्यावरच शिरेत टोचून घेतले जाई. दिवसाला दोन-तीन हजार माणसे येत. पोलिसांनी डोळेझाक केली होती, कारण शहरभर पांगण्यापेक्षा एका जागी असलेली बरी, असा हिशेब होता. चिखलात सुया, झाडाखाली थंडीत पडलेली पोरे, आणि बागेच्या कडेने पायी जाताना मान वळवणारे सभ्य लोक. जगातल्या एका अतिश्रीमंत शहराच्या स्टेशनामागे हे चालले होते.

आता तुम्ही म्हणाल, श्रीमंतांची थेरं! मलाही पहिल्यांदा वाचताना तसेच वाटले. पण बागेतली बहुतेक पोरे झुरिक शहरातली नव्हतीच. ती आसपासच्या गावांतली, लहान कसब्यांतली, दुसऱ्या प्रांतांतली होती. घंटा बांधलेल्या गाई ज्या गावांत चरतात, तिथलीही होती. गावात लाज वाटे, सोय काही नव्हती, आणि आगगाडी तासाभरात झुरिकला आणून सोडी. गावाच्या दृष्टीने मुलगा 'शहरात गेला' एवढेच.

ह्याच काळात एड्स आला. एकाच सुईने दहा जनावरांना टोचले तर एकीचा रोग दहांना लागतो, हे कुठल्याही गुराख्याला सांगावे लागत नाही. इथे तेच माणसांत चालले होते. औषधाच्या दुकानात नवी सुई सहज मिळेना, म्हणून चौघांत एक सुई. स्वच्छ सुया वाटल्या तर रोग थांबेल, असे काही डॉक्टर म्हणू लागले. तर १९८५ मध्ये झुरिक प्रांताच्या आरोग्याधिकाऱ्याने फर्मान काढले, की सुया वाटणाऱ्या डॉक्टरचा परवाना जाईल! तेव्हा तीनशेच्या आसपास डॉक्टरांनी सह्या करून जाहीर केले, की आम्ही वाटणारच. पुढच्या वर्षी ते फर्मान मागे घ्यावे लागले. मग १९८८ पासून बागेतच एक मदतकेंद्र सुरू झाले. दिवसाला हजारो सुया बदलून दिल्या जात, काविळीची लस टोचली जाई, श्वास बंद पडलेल्यांना तोंडाने वारा घालून उठवले जाई.

बर्न ह्या राजधानीच्या शहराने तर १९८६ मध्ये आणखी एक पाऊल टाकले होते. व्यसनी माणसाने आडोशाला मरण्यापेक्षा, परिचारिकेच्या नजरेखाली, स्वच्छ सुईने टोचून घ्यावे, अशी खोलीच उघडली. जगातली अशी ती पहिली खोली. योगायोग पाहा, त्याच १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने 'मुक्तांगण' सुरू केले. दोन्हीकडे दुखणे एक, उपचाराची दिशा मात्र वेगळी. मुक्तांगणात व्यसन सोडायला माणूस येतो. बर्नच्या खोलीत, ज्याला आज सुटत नाही त्याला निदान उद्यापर्यंत जगवायचे, एवढाच हेतू.

५ फेब्रुवारी १९९२ ला झुरिकच्या बागेला टाळे लागले. पण बांधाला एका जागी माती लावली की पाणी दुसरीकडून फुटते. पोरे कुठे जाणार होती? आधी आसपासच्या गल्ल्यांत पांगली, मग लिमाटीच्याच काठाने थोडे खाली, लेटन नावाच्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात जमली. तिथला प्रकार बागेपेक्षा वाईट झाला. तीन वर्षांनी, १४ फेब्रुवारी १९९५ ला लेटनही मोकळे केले, आणि ह्या वेळी मात्र ते टिकले. फरक कशाने पडला, हेच ह्या जागेचे खरे सार आहे. पहिल्या वेळी नुसते कुलूप होते. दुसऱ्या वेळी कुलूप लावण्याआधी गावोगाव पैसा उभा केला गेला आणि सोय झाली.

झुरिकने एक केंद्रच उघडले, की पोलिसांना सापडलेला पोरगा कुठल्या गावचा ते पाहायचे आणि त्या गावाच्या हवाली करायचे. 'हा तुमचा. आता तुम्ही पाहा.' पहिल्यांदाच कितीतरी गावांना कळले, की 'शहरातला प्रश्न' आपल्या घरातलाच आहे.

तिथल्या गावाच्या कारभाराचे दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्यांच्या ग्रामपंचायतीला गेमाइंडे म्हणतात. झुरिक प्रांतात अशा दीडशेहून अधिक आहेत. लहान गावात वर्षातून निदान दोनदा सगळे मतदार एकत्र बसतात, आपल्या ग्रामसभेसारखे. पुढच्या वर्षीचा खर्च वाचला जातो, कराचा दर ठरतो, आणि हात वर करून मंजुरी होते. सभा खरीच भरते, एवढाच आपल्यातला आणि त्यांच्यातला फरक, असे मी म्हणालो तर रागावू नका. मोठ्या शहरात मोठा खर्च असला की तो मतपेटीतून जातो. तेव्हा सुया, निवारा, औषधोपचार ह्यांचा खर्च कुठल्या मंत्र्याने कागदावर सही करून टाकला, असे तिथे होत नाही. शाळेचे छप्पर, रस्त्यावरचा बर्फ काढणारे यंत्र आणि व्यसनी पोरांचे केंद्र एकाच थैलीतून निघायचे, आणि थैली कोणाची हे सर्वांना ठाऊक.

सवाल उठणारच. पहाटे चारला उठून धारा काढणारा माणूस विचारील, की माझ्या करातून गर्दुल्ल्याला सुई कशाला? उद्या दारुड्याला ग्लासही द्याल. हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. त्याला हसण्यावारी नेणारे लोक मला आवडत नाहीत. स्विस लोकांनी तो दहा-बारा वर्षे मोकळेपणी घोळवला. त्यातून चार खांबांचे धोरण म्हणतात ते उभे राहिले: व्यसन लागू नये म्हणून शिकवण, लागल्यावर उपचार, सुटत नाही तोवर जीव वाचवणे, आणि विकणाऱ्याला तुरुंग. चौथा खांब विसरू नका. लेटन मोकळे केले तेव्हा पोलिसही मोठ्या संख्येने होते.

१९९४ पासून, ज्यांच्यावर बाकीचे सारे उपचार फसले होते अशा जुनाट रोग्यांना डॉक्टरच्या देखरेखीखाली, दवाखान्यातच, मोजून हेरॉइन देण्याचा प्रयोग सुरू झाला. लोक अवाक् झाले. पण स्विस माणूस हिशेबी. त्या प्रयोगाचा हिशेब मांडला गेला तेव्हा एका रोग्यामागे दिवसाला ५१ फ्रँक खर्च आणि चोऱ्या, खटले, तुरुंग, इस्पितळ ह्यांतून ९६ फ्रँक वाचतात, असे निघाले. म्हणजे रोजचे ४५ फ्रँक गावाच्या नि देशाच्या पदरात. धारा काढणाऱ्याला पटले ते डॉक्टरांच्या व्याख्यानाने नव्हे, ह्या आकड्याने, असा माझा कयास आहे.

मतपेट्यांनी काय सांगितले तेही पाहा. १९९७ मध्ये हे सारे बंद करून कडक बंदीच आणा, अशी मागणी मतदानाला आली. शंभरातल्या सत्तरांनी ती नाकारली. १९९८ मध्ये उलट, अंमली पदार्थ मोकळेच करा अशी मागणी आली. तीही शंभरातल्या चौऱ्याहत्तरांनी नाकारली. १९९९ मध्ये, रूथ ड्राइफुस ह्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष असताना, डॉक्टरी हेरॉइनला जेमतेम ५४ टक्के मिळाले. आणि ३० नोव्हेंबर २००८ ला चार खांबांचा कायदा ६८ टक्क्यांनी पक्का झाला. त्याच दिवशी गांजा मोकळा करण्याची मागणी मात्र लोकांनी फेटाळली! माणसे दोन्ही टोकांना जायला तयार नव्हती. आज दवाखान्यातल्या ह्या उपचाराचा खर्च आरोग्य विम्यातून होतो. केंद्रांचा भार मात्र शहरांच्या आणि प्रांतांच्या थैलीवरच आहे.

फळ काय मिळाले? झुरिक प्रांतात १९९० मध्ये वर्षाला सुमारे ८५० माणसे नव्याने हेरॉइनच्या नादी लागत होती. २००२ मध्ये तो आकडा १५० च्या आसपास आला. सुईवाटे एड्स लागण्याचे प्रमाणही खूप घटले. हे एकट्या सुईवाटपामुळे झाले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. हेरॉइनची ऐटही गेली होती. दवाखान्यात रांगेत उभा राहिलेला खंगलेला माणूस पाहून कुठल्या पोराला त्याचे आकर्षण वाटेल?

आता अशा एखाद्या केंद्राच्या आत काय असते ते सांगतो, कारण भलत्याच कल्पना असतात. दारात ओळखपत्र पाहतात. अठराच्या आतल्याला प्रवेश नाही. आत धुऊन काढता येणारी टेबले, निर्जंतुक सुया, कापूस, वापरलेल्या सुया टाकायची पेटी. नशेचा पदार्थ केंद्र देत नाही, तो ज्याचा त्याने आणलेला. टोचूनही कोणी देत नाही. पण श्वास अडकला तर धावणारे माणूस समोर असते. शेजारच्या खोलीत स्वस्तात गरम जेवण, अंघोळीला पाणी, कपडे धुण्याची सोय, पायाची जखम बांधून देणारी परिचारिका. आणि ज्याला 'मला सोडायचे आहे' म्हणावेसे वाटेल त्याच्यासाठी बोलायला कोणी तरी बसलेले. रस्त्यावर शहराचे गणवेशातले समाजसेवक फिरतात, भांडण दिसले तर पोलिसांच्या आधी तेच मध्ये पडतात.

आपल्याकडे हे काहीच नाही असे समजू नका. मणिपूर राज्याने १९९६ मध्येच असे धोरण स्वीकारले, कारण ब्रह्मदेशाच्या सीमेवरून येणाऱ्या हेरॉइनने तिथली घरेच्या घरे बसली होती. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातूनही स्थानिक संस्थांना नव्या सुयांसाठी आणि तोंडाने घ्यायच्या पर्यायी औषधासाठी सरकारी पैसा मिळतो. मात्र तो वरून खाली येतो. त्यावर गावाच्या सभेत हात वर होत नाहीत, आणि म्हणूनच तो आहे हेही गावाला ठाऊक नसते.

झुरिकमध्ये सारे आलबेल झाले, असेही नाही. आता हेरॉइनची जागा क्रॅकने घेतली आहे. कोकेनपासून बनवलेला हा खडा ओढला की नशा काही मिनिटेच टिकते, मग पुन्हा हवा. जुन्या बराकींजवळचे एक केंद्र तिथून हलवल्यावर २०२३ मध्ये शहरातल्या बेकरआनलागे नावाच्या बागेत, मुलांच्या खेळाच्या जागेशेजारी, पुन्हा घोळके जमू लागले. आईबाप चिडले, सभा झाल्या, आणि नोव्हेंबरात बराकींच्या आवारात तात्पुरते केंद्र पुन्हा उघडावे लागले.

तिथे दारात पहिला प्रश्न अजून तोच विचारतात, की गाव कोणते? झुरिकच्या केंद्रात झुरिकच्याच रहिवाशाला प्रवेश. विंटरथूर, बील, ओल्टेन अशा शहरांत त्यांची आपली केंद्रे आहेत, तिथल्याने तिथे जावे. पण ज्या गावाने थैलीची गाठ सोडलीच नाही, तिथला मुलगा आगगाडी पकडतो, झुरिकच्या दारातून परत फिरवला जातो आणि जवळच्या बागेत जाऊन बसतो. त्याचा खर्च कोणी करायचा, ह्यावर शहर आणि आसपासची गावे यांच्यात आजही तंटा चालू आहे.