मिनामाता कराराविषयीं

राष्ट्राराष्ट्रांतील करारांस बहुधा ते जेथें झाले त्या शहराचें नांव मिळतें, आणि तें त्या शहरास भूषण वाटतें. पाऱ्याच्या करारास मात्र एका गांवाच्या दुःखाचें नांव दिलेलें आहे. तेथील कांहीं पीडितांस हें नामकरण रुचलें नव्हतें. आमच्या प्रश्नाचा निकाल लागला नसतां आमचें नांव कागदावर कशास, असा त्यांचा आक्षेप होता. तो आम्हांस रास्त वाटतो. सबब प्रथम गांवाची हकीकत.

मिनामाता हें जपानच्या क्यूशू बेटावरील समुद्रकांठचें गांव. तेथें चिस्सो कंपनीच्या कारखान्यांत १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड तयार करतांना पाऱ्याचें संयुग वापरीत आणि सांडपाणी समुद्रांत सोडीत. त्यांतील मिथिल पारा माशांत सांठला, व मासे कोळ्यांच्या पोटांत गेले. प्रथम मांजरें वेडींवांकडीं नाचून मेलीं. मग माणसांचे हातपाय बधिर झाले, दृष्टि आकुंचित झाली, वाचा अडखळूं लागली. धडधाकट दिसणाऱ्या मातांच्या पोटीं पंगु मुलें जन्मलीं. १ मे १९५६ रोजीं या रोगाची पहिली वर्दी गेली, ती कारखान्याच्याच रुग्णालयांतून. तेथील डॉ. होसोकावा यांनीं १९५९ सालीं कारखान्याचें सांडपाणी अन्नांत मिसळून एका मांजरास चारलें, आणि त्यासहि तोच रोग जडला. कंपनीनें ही गोष्ट दाबून ठेविली. सरकारनें कारण मान्य केलें तें १९६८ सालीं, कारखान्यानें ती कृति बंद केल्यानंतर! मधलीं नऊ वर्षें सांडपाणी वाहतच होतें. आम्हांस पाऱ्याच्या विषापेक्षां हीं नऊ वर्षें अधिक भयंकर वाटतात.

करार १० ऑक्टोबर २०१३ रोजीं कुमामोटो येथें संमत झाला व १६ ऑगस्ट २०१७ पासून अंमलांत आला. भारतानें त्यास २०१८ सालीं मान्यता दिली. पाऱ्याच्या नव्या खाणी उघडण्यास त्यांत बंदी आहे. पाऱ्याचे तापमापक व कित्येक विद्युत्घट यांचें उत्पादन थांबविण्यास २०२० ही मुदत होती, अर्थात् वाढ मागण्याची सवलत ठेवून. हें वर्गांत सांगितलें तेव्हां, शिक्षकांचा पारा चढूं नये असेंहि एखादें कलम आहे काय, असें एका विद्यार्थ्यानें विचारलें. आम्हीहि हंसलों. मुलांस हा धातु आवडतो, आणि कां आवडूं नये? पाण्याच्या १३.६ पट जड, तरी पाण्यासारखा वाहणारा! प्रयोगशाळेंत त्याची एक बाटली आहे. ती आम्हीं मोहोरबंद केली आहे, कारण ती ओतावयाची कोठें? आमची मोरी नाल्यास मिळते, नाला खाडीस; आणि खाडींत कोळ्यांचीं जाळीं आहेत.

हा प्रश्न आमच्या बाटलीपुरताच नाहीं. तामिळनाडूंतील कोडाईकनाल येथें अमेरिकेंतून हलविलेला तापमापकांचा कारखाना होता. पाऱ्यानें दूषित झालेली फुटकी कांच भंगारवाल्याच्या आवारांत सांपडली, तेव्हां २००१ सालीं तो बंद पडला. २००३ सालीं तेथील सुमारें २९० टन कचरा जहाजानें अमेरिकेस परत पाठवावा लागला.

परंतु कराराची खरी कसोटी तापमापकांत नाहीं, सोन्यांत आहे. पेरू, घाना, इंडोनेशिया आदि देशांत गरीब लोक दगडाची भुकटी करून तींत पारा मिसळतात. तो सोन्यास धरून बसतो, आणि गोळा तापविला कीं पारा उडून सोनें उरतें. २०१८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या पाहणींत मानवी व्यवहारांमुळें हवेंत जाणाऱ्या पाऱ्यापैकीं शेंकडा सुमारें ३८ या धंद्याचा आढळला. येथें करार म्हणतो, वापर कमी करावा, आणि शक्य तेथें बंद करावा. मुदत नाहीं. उत्तरपत्रिकेंत असें ‘शक्य तेथें’ आढळलें तर आम्ही गुण कापूं. तथापि सरसकट बंदीनें हे लोक रानांत लपून तेंच करतील, हेंहि खरें. त्यांस पाऱ्यावांचून सोनें काढण्याची रीत व साधनें देणें हें काम खर्चाचें आहे, आणि खर्च कोणीं सोसावा यावर राष्ट्रें घासाघीस करितात. तोंवर कित्येक ठिकाणीं तो गोळा घरांतल्याच चुलीवर तापवितात, आणि मुलें तेथेंच जेवावयास बसलेलीं असतात.