दार रस्त्याकडे असताना

मिरज हे जंक्शन आहे. कोल्हापूर, पुणे, बेळगाव आणि पंढरपूर या चारही दिशांचे रूळ इथे येऊन मिळतात, त्यामुळे पुढच्या गाडीला अवकाश असलेले प्रवासी गावात शिरतात आणि त्यांतले काही सतारमेकरांच्या दुकानांपाशी येऊन थबकतात. दारातच कुणी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर पट्टी चिकटवत असतो, कुणी घोडीवर कानस फिरवत असतो. अशा भेटीला आपण योगायोग म्हणतो आणि प्रवासातली एक गोड आठवण म्हणून बाजूला ठेवतो. मला हे अपुरे वाटते. प्रवाशाच्या बाजूने ती भेट अवचित असेल, पण त्या गावाने ती कित्येक पिढ्या शक्य करून ठेवलेली असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, मिरजेवर पटवर्धनांचे राज्य असताना, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांचे हात वाद्यांकडे वळले. तलवारींचे दिवस सरत होते आणि गाण्याला आश्रय मिळत होता. भोपळे पंढरपूरच्या बाजूने, भीमेच्या काठावरून येत. पुढे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गवई हजेरी लावू लागले, आणि वाद्य करणारा व ते वाजवणारा यांच्यात जेमतेम काही गल्ल्यांचे अंतर उरले. त्यात रेल्वेचीही भर होती. एवढे सगळे जुळून आल्यावर प्रवाशाचे पाऊल तिथे थबकते.

थबकून त्याला काय मिळते, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक जण काही विकत घेत नाहीत. ज्याला गाता येत नाही तो तंबोरा नेऊन करणार काय? माझ्या मते त्याला किंमत कळते, आणि ती दुसरीकडे कुठे कळत नाही. जवारीचे काम घ्या. तंबोऱ्याची तार घोडीच्या माथ्यावरून जाते, आणि त्या माथ्याला इतका सूक्ष्म उतार द्यावा लागतो की कंप पावणारी तार त्याला हलकेच घासत राहील. उतार थोडा चुकला तर आवाज बोथट होतो नाही तर फाटतो. कारागीर कानस चालवतो, तार छेडतो, कान देतो, तारेखालचा दोरा किंचित सरकवतो, तार पुन्हा उतरवतो आणि पुन्हा घासतो. या कामाला मोजपट्टी नाही, ते सगळे कानावर चालते. शेजारी ठेवलेले दोन तंबोरे छायाचित्रात अगदी सारखे दिसतील. नक्षी तीच, खुंट्या त्याच. त्यांच्या भावात फरक का, याचे उत्तर त्या घासण्या-ऐकण्यात असते आणि ते फक्त समोर उभे राहिल्यावरच उमगते. ज्याने हे एकदा पाहिले, तो पुढे कुठल्याही हातकामाला, मग ती पैठणी असो की मातीचे भांडे, ‘एवढे महाग कशाला?’ असे सहज विचारणार नाही.

यावर एक आक्षेप असा की हे पाहणेही आता देखावा झाले आहे. येवल्यात पैठणीच्या काही दुकानांत गिऱ्हाइकाला दिसेल असा हातमाग मांडलेला असतो, आणि विक्रीच्या मालातला प्रत्येक तुकडा त्याच मागावरचा असेल असे नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण मागावर बसलेला विणकर ताण्यातून रेशमाच्या रंगीत कांड्या एकेक करून ओवतो, आणि पदरावरचा मोर बोटाच्या पेराएवढा वर सरकायला किती वेळ लागतो, हे तिथे खोटे दाखवता येत नाही. दुकानदाराचा हेतू काही असो, काम खरेच असते. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: कारागीर म्हणजे प्रदर्शनातली वस्तू नव्हे, आणि बघ्यांमुळे त्याचा वेळ जातो. म्हणूनच माझा आग्रह रस्त्याला लागून असलेल्या कामाच्या जागेचा आहे, घरात डोकावण्याचा नाही. दार किती उघडायचे आणि कधी लोटायचे हे त्याच्या हातात राहते. आपण त्याचे बोलणे ऐकून, फोटो काढून वर भावात घासाघीस करू लागलो, तर दोष आपल्या वागण्याचा आहे.

सावंतवाडीचे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या आड येते, तेही मांडायला हवे. दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या १२० गोल पत्त्यांचा संच, वाटसरूंच्या कुतूहलाने वाचलेला नाही. १९७०च्या दशकात तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी तेव्हा हयात असलेल्या वृद्ध चिताऱ्याकडून ती विद्या मिळवली आणि राजवाड्यात कलावंत तयार केले, म्हणून ती टिकली. तेव्हा योगायोगाच्या भरवशावर कला सोडता येत नाही, हे मान्यच. पण टिकलेल्या कलेला जाणते गिऱ्हाईक लागते आणि ते घडवण्यात रस्त्याचा मोठा वाटा असतो. मुंबई-गोवा महामार्ग पूर्वी सावंतवाडीतून जात असे. गोव्याला निघालेली कुटुंबे चितार आळीत लाकडी फळांसाठी आणि भातुकलीसाठी थांबत. झाराप-पत्रादेवी वळणरस्त्याने ती वाहतूक गावाबाहेर नेली. प्रवासाचा वेळ वाचला हे खरे, पण ठरवून न आलेले गिऱ्हाईकही त्यासोबत निघून गेले. ऑनलाइन विक्री ती उणीव भरून काढते असे म्हणतात. विक्रीपुरते ते पटते. मात्र जाळ्यावर माणूस आधीच ठाऊक असलेले शोधतो, आणि गंजिफा ज्याने कधी पाहिलाच नाही तो त्याचा शोध घेणार कसा?

मिरजेची सतार व तंबोरा आणि सावंतवाडीचा गंजिफा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव राखले जाते, दुसऱ्या कुणाला ते लावता येत नाही, आणि हे संरक्षण मोलाचे आहे. माणसांची पावले तिकडे वळवण्याचे काम मात्र मानांकन करू शकत नाही. त्यासाठी नगरपालिकेने आणि रेल्वेने लहान कामे करायला हवीत: गाडी बदलायला उतरलेल्या माणसाला गल्लीची वाट दाखवणारी ठळक पाटी, महामार्गावरच्या फलकावर गावाच्या नावाखाली तिथल्या कामाचे नाव, आणि जो कारागीर जवारीचे किंवा रंगकामाचे साहित्य मागच्या खोलीत न ठेवता पुढच्या ओट्यावर मांडून बसतो, त्याला त्या जागेच्या घरपट्टीत सूट.